उसन्या शब्दांचे खाते

येथील महाराष्ट्र मंडळात गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी जो वाद झाला, त्याचे निमित्त मोठे गमतीचे होते. मंडळाच्या एका तरुण सभासदाने बीटल्स या इंग्रज गायक-चौकडीची काही गाणी सभासदांना ऐकविण्याचा घाट घातला होता. ऐकणारांपैकी निम्मे लोक केवळ भिडेखातर बसले होते. १९६९ च्या 'ॲबी रोड' या तबकडीवरील 'गोल्डन स्लंबर्स' हे गाणे लागले, आणि तोपर्यंत डोळे मिटून बसलेले, रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध सभासद एकदम सावध झाले. "अहो, हे अंगाईगीत आम्ही कॉलेजात वाचले आहे," ते म्हणाले. "टॉमस डेकरचे आहे. शेक्सपिअरच्या काळातले. तुमच्या या तबकडीवर त्याचे नाव कोठे आहे ते दाखवा पाहू." नाव नव्हते. तरुण म्हणाला, "काका, शब्द जुने असतील, पण गाणे यांचेच आहे." काका म्हणाले, "उसने घ्यायला आमची ना नाही. खात्याला लिहा, एवढेच म्हणणे."

वाद त्या दिवशी मिटला नाही. पुढच्या रविवारीही मिटला नाही. मध्यस्थ म्हणून आमच्याकडे बोट दाखविण्यात आले, आणि आम्हीही बेसावधपणे होकार देऊन बसलो. तेव्हा जे काही वाचून हाती लागले ते येथे मांडीत आहोत. निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु कागदपत्रे पाहिल्यावर वादाचे मूळ कलम काकांना आणि त्या तरुणाला वाटत होते त्याहून थोडे निराळे आहे, असे आमचे मत झाले आहे, आणि ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

ज्यांचा या मंडळींशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडेसे. लिव्हरपूल बंदरातील जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांची पहिली तबकडी १९६२ च्या ऑक्टोबरात निघाली आणि १९७० साली त्यांची फाटाफूट झाली. अवघी आठ वर्षे. लेनन आणि मॅकार्टनी यांचा आपसांत असा करार होता की, गाणे दोघांपैकी कोणी का रचेना, त्यावर नाव दोघांचे पडावे. म्हणजे कर्तृत्वाचा घोळ पहिल्याच पानावर सुरू झाला. त्यांचे चाहते अमुक ओळ कोणाची आणि तमुक कडवे कोणाचे यावर आजही भांडतात. 'इन माय लाइफ' या गाण्याची चाल कोणाची, हे ठरविण्यासाठी २०१८ साली संख्याशास्त्रज्ञांनी गणिते मांडली आणि कौल लेननच्या बाजूने दिला. मॅकार्टनी यांची आठवण मात्र वेगळे सांगते. पण हा घरातल्या भावांचा वाटणीचा वाद झाला. आमचा विषय घराबाहेरून आणलेल्या मालाचा आहे.

बाहेरच्या प्रभावाची चर्चा गाण्यांवरून नव्हे, तर पुस्तकावरून सुरू झाली. १९६४ साली लेननचे 'इन हिज ओन राइट' हे विक्षिप्त गद्यपद्याचे छोटे पुस्तक निघाले. शब्द मोडून-वाकवून त्यातून भलताच अर्थ काढण्याची त्याची हातोटी पाहून परीक्षकांनी लगेच जेम्स जॉइसचे नाव घेतले. लेननने आपण जॉइस वाचलेलाच नाही असे सांगितले, आणि पुढे मुद्दाम 'फिनेगन्स वेक' विकत आणून पाहिले. प्रभाव आधी सिद्ध व्हावा आणि ग्रंथ मागाहून विकत घ्यावा, असा हा उलटा प्रकार! समीक्षेच्या इतिहासात असे प्रकार वाटतात तितके विरळ नाहीत. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटात एका सभासदाने लिव्हरपूलकडील शिक्षणाची दुरवस्था दाखविण्यासाठी याच पुस्तकाचा आधार घेतला. एकाच पुस्तकात एकाला जॉइस दिसला आणि दुसऱ्याला निरक्षरता दिसली.

गाण्यांच्या शब्दांकडे लोक वाङ्मय म्हणून पाहू लागले त्याला मात्र एक साधे, छापखान्यातले कारण घडले. १९६७ च्या जूनमध्ये निघालेल्या 'सार्जंट पेपर' या तबकडीच्या वेष्टनाच्या पाठीमागे सर्व गीतांचे शब्द छापलेले होते. रॉक संगीतात असे पूर्वी कोणी केले नव्हते असे मानतात. कानाने ऐकलेला शब्द वाहून जातो. छापलेला शब्द समोर ठाण मांडून बसतो आणि वाचकाला विचारतो, की सांग, मी कोठून आलो? 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्याच महिन्यात या तबकडीवर एक प्रतिकूल परीक्षण आले, तेव्हा चिडलेल्या चाहत्यांच्या पत्रांचा त्या पत्रावर पाऊस पडला. लेनन ज्या शाळेत शिकला तेथे तर मास्तर वर्गात या गाण्यांचा अर्थ लावावयास सांगू लागले. एका विद्यार्थ्याने तसे पत्र लेननला धाडले. त्याने मुद्दाम कोणाला अर्थच लागू नये असे एक गाणे रचले, आणि त्यातला वॉलरस लुइस कॅरलकडून उचलला. कॅरलच्या मूळ कवितेत तो वॉलरस हाच लबाड आहे, हे त्याच्या लक्षात मागाहून आले. याच गाण्याच्या शेवटी बीबीसीवरून चाललेल्या 'किंग लिअर'चा तुकडा जसाच्या तसा मिसळला आहे. शेक्सपिअरकडून कोणी काही घेतले तर त्याचा बोभाटा होत नाही. त्याच्याकडून घेणे ही आपली श्रीमंती सांगण्याचीच एक रीत आहे.

आपल्याकडे हा प्रश्न हजार वर्षांपूर्वीच शास्त्राच्या पाटावर बसविला गेला होता. राजशेखर हा कनोजच्या प्रतिहार राजांच्या पदरी होता. पण त्याचा पणजा अकालजलद याला 'महाराष्ट्रचूडामणि' असे बिरुद होते. तेव्हा राजशेखर हाही एका अर्थाने मुलुखाबाहेर नोकरी करणारा आपल्याच पंक्तीतला गृहस्थ. त्याच्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथाची बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने १९१६ साली प्रथम छपाई केली, आणि त्या मालेचा पहिला क्रमांक याच ग्रंथाला मिळाला. ग्रंथात शब्दांची चोरी आणि अर्थाची चोरी यांवर सलग तीन अध्याय आहेत. दुसऱ्याचा अर्थ घेणे चार तऱ्हांचे: आरशातल्या प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे, दोन सारख्या देहांसारखे आणि परकायाप्रवेशासारखे. पहिल्या तऱ्हेत केवळ शब्द बदललेले असतात आणि अर्थ सगळा जुना. शेवटच्या तऱ्हेत मूळ एकच असले तरी साज सगळा नवा. त्याच्या आधी आनंदवर्धनाने तीनच प्रकार मानून सांगितले होते, की पहिले दोन टाळावेत, तिसरा चालेल; कारण दोन माणसे दिसण्यात सारखी असली तरी त्यांचे आत्मे वेगळे असतात.

परंतु या सर्व विवेचनात आम्हाला अधिक मोलाचे वाटते ते राजशेखराने दिलेले आपल्या पत्नीचे, अवंतिसुंदरीचे, मत. दुसऱ्याचे शब्द घेताना माणूस स्वतःच्या मनाची समजूत कशी घालतो, याची तिने यादीच दिली आहे. तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे. त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. त्याची वाणी गुळवेलीसारखी कडू, माझी द्राक्षासारखी. हे जाणणारे लोक आता उरले नाहीत. याचा कर्ता दूर देशीचा आहे. मूळ ग्रंथ नष्ट झाला आहे. मूळ परक्या भाषेत आहे. या कारणांनी घ्यावयास हरकत नाही, असे तिचे म्हणणे तेथे दिले आहे. विदुषीने ही खरोखरची सवलत दिली, की गाल फुगवून चाललेल्या कविमंडळींची ही थट्टा आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचा कल थट्टेकडे आहे. ते काही असो. इंग्लंडातील या चौकडीची दप्तरे तपासताना ही यादी हाताशी ठेवली की फार उपयोग होतो.

आता काकांचे अंगाईगीत पाहू. १९६९ साली मॅकार्टनी चेशायरमध्ये वडिलांच्या घरी गेले असता सावत्र बहिणीच्या पियानोवर स्वरलिपीचे पुस्तक उघडे होते. त्यात डेकरचे गीत होते. मॅकार्टनींना स्वरलिपी वाचता येत नाही. त्यामुळे जुनी चाल कळण्याचा मार्ग नव्हता. शब्द आवडले, म्हणून त्यांनी आपली चाल लावली आणि पुढेमागे काही शब्द स्वतःचे घातले. तरुणाचे म्हणणे येथे खरे ठरते. गाणे ऐकताना जो गहिवर येतो तो त्या चालीचा आणि त्या आवाजाचा आहे. डेकरच्या छापील पानात तो नाही. पण कडव्याचे शब्द थोड्याफार फरकाने डेकरचे आहेत आणि वर नाव लेनन-मॅकार्टनींचे आहे, हे काकांचे म्हणणेही तितकेच खरे. 'जाणणारे लोक उरले नाहीत' हे अवंतिसुंदरीचे कारण येथे लागू पडते. फक्त एका हिशेबनिसाने कॉलेजात ते गीत वाचले असेल, ही शक्यता कोणी धरली नव्हती.

तथापि काकांनी डेकरला सावकार ठरविले ते मात्र तपासून पाहिले पाहिजे. हे गीत ज्या 'पेशंट ग्रिसिल' नाटकात आहे ते १६०३ साली छापले गेले, आणि ते डेकरने एकट्याने लिहिलेले नाही. हेन्री चेटल आणि विल्यम हॉटन हे आणखी दोघे त्यात होते. अंगाईगीत डेकरचे, ही विद्वानांची वाटणी आहे. नाटकाची कथा तर त्या तिघांचीही नव्हे. सोशिक ग्रिसेल्डाची ती गोष्ट बोकाचिओच्या 'डेकॅमेरॉन'मधली शेवटची. तेथून ती पेत्रार्काने लॅटिनात नेली आणि पेत्रार्कावरून चॉसरने इंग्रजीत आणली. एवढ्या हातांतून आलेल्या वस्तूवर एकाचाच शिक्का कसा मारावा? आणि सावकार म्हणावा तर डेकर स्वतः कर्जापायी १६१२ ते १६१९ अशी सात वर्षे तुरुंगात पडला होता.

दुसरे प्रकरण सर्कशीचे. १९६७ च्या ३१ जानेवारीस लेनन केंट परगण्यातील सेव्हनओक्स येथे चित्रीकरणासाठी गेला होता. तेथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याने एक भित्तिपत्रक विकत घेतले. १८४३ च्या १४ फेब्रुवारीस रॉचडेल गावी व्हावयाच्या पाब्लो फँक याच्या सर्कशीची ती जाहिरात होती. त्या जाहिरातीतली नावे, कसरती आणि भपकेदार बोल घेऊन त्याने गाणे रचले. गाण्याचे नावसुद्धा जाहिरातीतलेच. रॉचडेलचे त्याने लंडनातील बिशप्सगेट केले, मंगळवारचा खेळ शनिवारी नेला आणि झँथस नावाच्या घोड्याला हेन्री केले. बाकी पुष्कळसे जसेच्या तसे आहे.

या गाण्याबद्दल चाहत्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, जाहिरात गायली, यात कवित्व कसले? दुसरा म्हणतो, शंभर-सव्वाशे वर्षे धूळ खात पडलेल्या कागदातला ताल ज्याला ऐकू आला, तोच कवी. आम्ही दुसऱ्या तटात बसतो. ज्यांनी जुन्या नाटकमंडळ्यांची किंवा छत्र्यांच्या सर्कशीच्या काळची हस्तपत्रके पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे, की त्या भाषेला स्वतःचा एक ठेका असतो, पण तो कानावर आणून देणारा कोणी लागतो. राजशेखराच्या परिभाषेत हा परकायाप्रवेश म्हणावा: शरीर जुन्या जाहिरातीचे आणि आत नवाच जीव.

पण या प्रकरणातली आम्हाला चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. गाण्याच्या नावात जो 'बेनिफिट' शब्द आहे, त्याचा अर्थ असा, की त्या रात्रीचे उत्पन्न काइट नावाच्या त्या कसरतपटूला मिळावयाचे. आपल्या नाटक मंडळ्यांतही अशा मदतीच्या खेळांची पद्धत होती. आणि तो सर्कसमालक फँक याचे खरे नाव विल्यम डार्बी. तो नॉर्विचला जन्मलेला, आफ्रिकी वंशाचा, ब्रिटनमधील पहिला कृष्णवर्णीय सर्कसमालक. १८७१ साली तो वारला. चाहत्यांनी या जाहिरातीचा माग काढला म्हणून त्याचे चरित्र उजेडात आले, हे येथे त्यांच्या नावे जमा केले पाहिजे. ज्याला आपण रिकामटेकड्यांचा वाद म्हणतो त्यातून एका विसरलेल्या माणसाची ओळख परत मिळाली. गाण्यात त्याचे नाव आहेच. नाही ते फक्त जाहिरात लिहिणाराचे. तो कोणीतरी छापखान्यातला किंवा सर्कशीतला कारकून असावा. शब्द खरे म्हणजे त्याचे.

येथेच आम्हाला वादाचे मूळ कलम सापडले असे वाटते. चाहते भांडतात ते नेहमी दोन टोकांवरून: एका टोकाला प्रसिद्ध घेणारा, दुसऱ्या टोकाला प्राचीन किंवा थोर देणारा. या दोहोंचेही फारसे बिघडत नाही. घेणाराला कीर्ती असतेच. आणि देणारा शेक्सपिअर असो की लाओत्से, त्याला आणखी एका उल्लेखाची गरज नसते. नाव बुडते ते मधल्या माणसाचे. भाषांतर करणारा, नक्कल उतरविणारा, पत्र लिहून कविता कळविणारा, वाद्य वाजविणारा. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची हयात दुसऱ्याच्या सहीने जाणारी टिपणे आणि मसुदे लिहिण्यात गेली असल्याने हे कलम त्यांना अधिक फोड करून सांगावयास नको.

असा एक मधला माणूस गंगटोकला होता. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीवरील शेवटचे गाणे 'टुमॉरो नेव्हर नोज' हे तिबेटी 'बार्दो थोडोल'वरून, म्हणजे मृतांच्या ग्रंथावरून, घेतले असे चाहते सर्रास सांगतात. पायरीपायरीने पाहू. लेननने लंडनच्या इंडिका पुस्तकालयातून घेतलेले पुस्तक तिबेटी नव्हते. टिमथी लिअरी आणि त्याचे दोन सहकारी यांनी १९६४ साली अमेरिकेत काढलेले 'द सायकेडेलिक एक्स्पिरियन्स' हे ते पुस्तक. गाण्याच्या आरंभीचे वाक्य त्याच्या उपोद्घातातून उचलले आहे. लिअरीने आधार घेतला होता तो १९२७ साली ऑक्सफर्डने छापलेल्या इंग्रजी 'तिबेटी मृतग्रंथा'चा. त्या ग्रंथावर संपादक म्हणून वॉल्टर एव्हान्स-वेन्ट्झ या अमेरिकी पंडिताचे नाव आहे. जगभर ग्रंथ ओळखला जातो तो याच नावाने. या संपादकाला तिबेटी येत नव्हते.

भाषांतर केले ते लामा काझी दावा सामदुप यांनी. गंगटोकच्या सरकारी शाळेचे ते मुख्याध्यापक होते. दार्जिलिंगचे पोलीस अधिकारी लादेन ला यांची ओळखपत्रे घेऊन एव्हान्स-वेन्ट्झ १९१९ साली त्यांच्याकडे गेला. दोघांनी बसून काम केले. मुख्याध्यापक तिबेटीचे इंग्रजी करीत आणि पाहुणा ते लिहून घेऊन नीट करी. पुढे काझी दावा सामदुप कलकत्ता विद्यापीठात तिबेटीचे अध्यापक झाले, आणि १९२२ साली तेथेच वारले. पुस्तक छापलेले त्यांनी पाहिले नाही. मुखपृष्ठावर त्यांचे नाव आहे, हे संपादकाच्या प्रामाणिकपणाला धरून सांगितले पाहिजे. पण ग्रंथ एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला तसतसे ते नाव पुसट होत गेले. गाण्यापर्यंत येताना लिअरीही राहिला नाही. 'दूर देशीचा कर्ता' आणि 'परक्या भाषेतले मूळ' ही अवंतिसुंदरीची दोन्ही कारणे येथे एकावर एक रचलेली दिसतात. गंमत म्हणून एवढे नोंदवितो, की गाण्याचे नावसुद्धा लेननचे नव्हे. रिंगोच्या तोंडून निघालेला तो एक चुकीचा वाक्प्रचार होता. त्याचेही नाव गाण्यावर नाही.

न्यायालयांत मात्र हा सूक्ष्म विचार चालत नाही. तेथे मालमत्ता कोणाची एवढेच पाहतात. चक बेरीच्या १९५६ मधील एका गाण्याशी 'कम टुगेदर'चे साम्य दिसल्यावरून लेननवर दावा झाला, आणि १९७३ साली तो बाहेरच्या बाहेर मिटला. मिटविण्याची अट अशी, की त्याने फिर्यादी प्रकाशकाच्या मालकीची तीन गाणी म्हणावीत. हे पैसे बेरीला नव्हेत, प्रकाशकाला. हॅरिसनच्या १९७० मधील 'माय स्वीट लॉर्ड'ची चाल १९६३ च्या 'ही इज सो फाइन'ची आहे, असा निकाल न्यू यॉर्कच्या न्यायालयाने १९७६ साली दिला. न्यायाधीशांनी म्हटले, की हेतुपुरस्सर चोरी नाही. मनाच्या खोल तळाशी असलेली चाल नकळत वर आली. पण नकळत घेतले तरी घेतलेच. १९८१ साली ५,८७,००० डॉलरवर आकडा पडला. तोवर त्या जुन्या गाण्याचे हक्क हॅरिसनच्याच माजी व्यवस्थापकाने विकत घेतले होते. गाण्याचा मूळ कर्ता रॉनी मॅक हा तर गाणे गाजले त्याच वर्षी, ऐन तारुण्यात वारला होता. खटला कोणामध्ये चालला, आणि कोणासाठी?

याबाबतीत आपल्या संगीत नाटकवाल्यांची पद्धत आम्हाला जास्त सरळ वाटते. १८८० साली 'शाकुंतल' आणि १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांपासून पुढे, नाटकाचे पुस्तक छापताना पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे नाव देण्याचा प्रघात होता. हिंदुस्थानी चीज असो, कानडी पद असो की साकी-दिंडी असो, कोणाला त्यात कमीपणा वाटला नाही, आणि त्या पदांचे मराठीपण त्याने उणे झाले नाही. हॅरिसनच्या तबकडीवर अशी अर्ध्या ओळीची 'चाल' छापली असती तर पुढला खर्च किती वाचला असता याचा हिशेब काकांनीच करावा. अर्थात आमच्या नाटककारांनीही चाल दिली. ती चाल पहिल्याने गाणाऱ्या गवयाचे किंवा कलावंतिणीचे नाव दिले नाही. मधले माणूस येथेही राहिलेच.

शेवटचे प्रकरण आमच्या मुंबईचे आहे, म्हणून राखून ठेवले. केंब्रिजमध्ये हुआन मास्कारो नावाचे स्पॅनिश गृहस्थ होते. मायोर्का बेटावर १८९७ साली जन्मलेले. त्यांनी इंग्रजीत केलेली भगवद्गीता १९६२ साली आणि उपनिषदे १९६५ साली पेंग्विनने काढली. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या कपाटात ती असतील. १९६७ च्या शरदात दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात लेनन आणि हॅरिसन ध्यानधारणेवर बोलले. श्रोत्यांत मास्कारोही होते. नोव्हेंबरात त्यांनी हॅरिसनला पत्र लिहिले आणि सोबत आपला 'लॅम्प्स ऑफ फायर' हा १९५८ चा वेचेसंग्रह पाठवून सुचविले, की यातील ताओ ग्रंथाच्या अमुक भागाला चाल लावून पाहावी. घराच्या दाराबाहेर न जाता सर्व जाणता येते, अशा अर्थाचा ताओ-ते-चिंगचा तो सत्तेचाळिसावा अध्याय. हॅरिसनने तेच शब्द जवळजवळ तसेच घेतले. एकदा 'मी' म्हणून आणि मग तेच फिरवून 'तू' म्हणून. राजशेखर याला प्रतिबिंबच म्हणता. पण चाल, आणि ती वाजविणारी वाद्ये, ही प्रतिबिंबात बसत नाहीत. शास्त्रकारांसमोर पानावरचे काव्य होते. गाणे ही दोन देहांची वस्तू आहे हे त्यांच्या चौकटीत येत नाही.

ती वाद्ये १९६८ च्या जानेवारीत मुंबईस एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणगृहात वाजली. हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठी आला होता. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट' या गाण्याची साथसंगत मुद्रित झाली. सरोदावर आशीष खान, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया अशी नावे पुढच्या नोंदींत मिळतात. आवाज फेब्रुवारीत लंडनमध्ये चढविला, आणि मार्चच्या १५ तारखेस तबकडी निघाली. हॅरिसन त्या वेळी हृषीकेशला होता. तबकडीवर कर्ता म्हणून एकच नाव: हॅरिसन. लाओत्से नाही, मास्कारो नाहीत, मुंबईचे वादक नाहीत. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. हॅरिसनने १९८० च्या आपल्या आत्मवृत्तात मास्कारोंचे पत्र छापले आणि गाणे त्यांच्यामुळे झाले हे मोकळेपणाने सांगितले. बारा वर्षांनी का होईना, खात्याला नोंद झाली.

काकांना हे सर्व सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "आणि वाजविणारे?" त्या चित्रपटाच्या संगीताची तबकडी, 'वंडरवॉल म्युझिक', १९६८ च्या नोव्हेंबरात निघाली, आणि तिच्या वेष्टनावर मुंबईच्या वादकांची यादी आहे. तरुण सभासदाने ती शोधून आणली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर एस. आर. केंकरे, सनईवर शरद आणि हनुमान. या शेवटच्या दोघांचे आडनाव इंग्रजी छपाईत 'जादेव' असे पडले आहे. काकांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचले. "जाधव असणार," ते म्हणाले, आणि खिशातले पेन्सिल काढून तरुणाच्या त्या तबकडीवर दुरुस्ती करण्याच्या बेतात होते. आम्ही हात धरला.